चॉकलेटी रुबियाच्या बाहुल्या

रत्नप्रभाला बाहुल्यांची हौस अशी कधीच नव्हती. लहानपणी देवगडकडच्या घरी तिच्या वाट्याला धाकटी भावंडंच इतकी आली की कापडाची पोरं खेळवायची गरज पडली नाही. पुढे मुंबईत तिने टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटरची नोकरी धरली. ट्रंककॉल जोडून द्यायचे ते दिवस. कुणाचा बाप गेला, कुणाला मुलगा झाला, कुणाचं लग्न मोडलं, सगळं आधी तिच्या कानांवरून जायचं आणि तिने मधे फक्त एवढंच विचारायचं, की तीन मिनिटं झाली, पुढे चालू ठेवायचं का. ती सवय अंगात मुरली. घरात बरं-वाईट काही घडलं की ती आधी गप्प बसायची आणि मग पुढच्या कामाला लागायची. तिचा नवरा दत्ताराम पक्का मालवणी माणूस. तो लोकांना सांगायचा, “हिचो चेरो म्हणजे सरकारी फोन. लागलो तर लागलो.”

मुलुंड पूर्वेच्या म्हाडा कॉलनीत तिसऱ्या मजल्यावर त्यांचं घर. मुलगा सुबोध नोकरीसाठी बंगळूरला. समोरच्या दारात जयंती आणि तिचा नवरा बळवंत. बळवंत आणि दत्ताराम एकाच गिरणीत, एकाच खात्यात होते. संपात दोघांचीही नोकरी गेली. दत्ताराम औषधाच्या दुकानात लागला, बळवंत शाळेची बस चालवायला लागला. दोन्ही घरं या इमारतीत एकाच वर्षी आली. जयंती कुडाळची, तोंडाने फटकळ आणि हाताने सढळ. सोलकढी केली की अर्धं पातेलं समोर. दुपारी दोघी रत्नप्रभाच्या गॅलरीत बसायच्या. तिथून हायवेपलीकडची मिठागरं दिसायची.

कॉलनीतल्या मृणालिनीबाईंनी बाहुल्यांचं काम सुरू केलं तेव्हा रत्नप्रभाला बोलावलं ते तिच्याकडे चालू स्थितीतलं शिलाई मशीन होतं म्हणून. मृणालिनीबाईंची भाची गंधाली आफ्रिकेत, मलावी देशात, एका लहान मुलांच्या इस्पितळात नर्स होती. भाजलेल्या मुलांचा वॉर्ड. तिथे घरोघरी जमिनीवर चूल पेटते आणि रांगती पोरं विस्तवात जातात. खेळणी नाहीत, म्हणून गंधालीने मावशीला विचारलं, तुमच्या बायका कापडाच्या बाहुल्या शिवतील का? बायका तयार झाल्या. सोसायटीच्या हॉलमध्ये दुपारचं बाहुली मंडळ भरायला लागलं. गुलाबी पॉपलीन, पिवळ्या लोकरीचे केस, निळ्या दोऱ्याचे डोळे. बटणं लावायची नाहीत, पोरं गिळतात, एवढा एकच नियम. पहिली खेप गेली. फोटो आले. बायकांनी ते आपापल्या ग्रुपवर फिरवले.

मग एक दिवस गंधालीचा आवाजी निरोप आला आणि मृणालिनीबाईंनी तो सगळ्यांना ऐकवला.

“मावशी, बाहुल्या छान आहेत, पण एक सांगू का? ड्रेसिंग करायच्या आधी मी बाहुलीच्या हाताला पट्टी बांधून दाखवते. बघ, हिलाही लागलंय, हिलाही बांधली, म्हणून. पण मुलं ऐकत नाहीत. त्यांच्या खेळात ही बाहुली नेहमी नर्सच होते, बाहेरून आलेली गोरी नर्स. पेशंट तिला कुणी करतच नाही. तर पुढच्या वेळी काळ्या करा ना. आमच्या मुलांसारख्या. केस काळे, बारीक कुरळे.”

निरोप संपला. मग मागून कुणीतरी म्हणालं, “काळी बाहुली? ती तर दुकानाला टांगतात गं. लिंबू-मिरचीबरोबर.” बायका हसल्या. पण हसून झाल्यावरही मृणालिनीबाईंनी आणलेल्या चॉकलेटी कापडाला हात कुणी लावेना. एकीची सून गरोदर होती. एकीचा मुलगा नवं दुकान काढत होता. एकीने सरळच सांगितलं की तिची सासू घरात घेणार नाही. मृणालिनीबाईंनी मधला मार्ग काढला, म्हणाल्या गव्हाळ करू या का, पण तो त्यांचा त्यांनाच पटला नाही. शेवटी चॉकलेटी टू बाय टू रुबियाचा तागा टेबलावर तसाच राहिला आणि रत्नप्रभाने तो पिशवीत घातला. त्यात धीटपणाचा भाग नव्हता. तिला फक्त एवढं कळत होतं, की मागणी आली आहे, माल तसा द्यायला हवा.

घरी तिने एकदम बरेच नग कापले. धड, हात, डोकं एकाच तुकड्यात, पुढचा आणि मागचा, पाय वेगळे शिवून खाली जोडलेले. शिवून, उलटवून झाल्यावर ती त्या रिकाम्या खोळी धुऊन काढायची. खडूच्या खुणा जायच्या आणि रुबियाचा सुटा रंगही निघून जायचा. मग गॅलरीतल्या दोरीवर वाळत. डोकं ओलं राहू नये म्हणून चिमटा पायाला लावायचा. तोंड सगळ्यात शेवटी, आत फायबरचा कापूस भरल्यावर, कारण गाल फुगल्याशिवाय डोळे कुठे यायचे ते कळत नाही असं तिचं म्हणणं होतं.

त्या सकाळी जयंती कढीपत्ता मागायला आली आणि गॅलरीच्या उंबऱ्याशीच थांबली. दोरीवर काळ्या बाहुल्यांची रांग उलटी लटकत होती, सपाट, बिनतोंडाची, आणि मिठागरावरून येणाऱ्या वाऱ्याने त्यांचे हात हलत होते.

“हे काय गं?”

“मंडळाच्या. आफ्रिकेतल्या पोरांसाठी.”

“अशा?”

“त्यांनीच सांगितलंय. पोरं काळी आहेत, बाहुल्या काळ्या.”

जयंतीने कढीपत्ता घेतला. त्या दिवशी ती गॅलरीत बसली नाही. रत्नप्रभाच्या हे तेव्हा लक्षातही आलं नाही.

दुसऱ्याच आठवड्यात बळवंतला झटका आला. सकाळी दाढी करता करता वस्तरा हातातून पडला आणि तोंड वाकडं झालं. दत्ताराम आणि रिक्षावाल्याने मिळून त्याला खाली नेलं. जयंतीचा मुलगा नितेश कल्याणहून येईपर्यंत रत्नप्रभा इस्पितळात जयंतीशेजारी बाकावर बसून होती. जीव वाचला, पण उजवा हात आणि उजवा पाय गेला, आणि जीभ जड झाली. फिजिओथेरपिस्टने पिळायला रबरी चेंडू दिला. बळवंतने तो भिंतीवर फेकून मारला, डाव्या हाताने.

त्याला घरी आणल्यावर जयंती चार दिवस गावी जाऊन आली. देवाला कौल लावायला. कोकणातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही, पण देवाच्या अंगावर फुलाच्या पाकळ्या चिकटवतात आणि प्रश्न घालतात. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. गुरवाने जयंतीच्या वतीने गाऱ्हाणं घातलं, की घरधन्यावर कुणाची करणी आहे का? उजवी पडली. जवळच्याची आहे का? पुन्हा उजवी.

जयंती परत आली ती रत्नप्रभाकडे न बघताच घरात शिरली आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी रत्नप्रभाच्या उंबऱ्यावर हळद-कुंकू माखलेलं लिंबू होतं. तिने ते केराच्या सुपल्यात भरलं आणि टाकून दिलं. दत्ताराम म्हणाला, “लिंबू बरो होतो. सरबत झाला असता.” पण त्याच्या आवाजात नेहमीची मजा नव्हती. बळवंत त्याचा जन्माचा दोस्त.

इमारतीत कुजबुज सुरू झाली. खालच्या मजल्यावरची एक बाई लहान मुलाला घेऊन जिना चढताना तिसऱ्या मजल्याशी आली की त्याचं डोकं पदराखाली घ्यायला लागली. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी नाव न घेता लिहिलं, की गॅलरीत काय वाळत घालावं याचं भान प्रत्येकाने ठेवावं. खाली पंधरावीस जणांनी हात जोडले.

रत्नप्रभाने जयंतीला जिन्यात गाठलं.

“काय असेल ते तोंडावर बोल.”

“बोलायचं काय? ते घराबाहेर काढ, रत्ना.”

“पोरांच्या बाहुल्या आहेत त्या.”

“पोरांच्या बाहुल्यांना तोंड असतं.”

“तोंड नंतर शिवतात. धुऊन झाल्यावर.”

“आणि ह्यांना झटका कधी आला? तू त्या टांगल्यास तेव्हाच ना?”

“कावळा बसायला आणि फांदी तुटायला. ब्लडप्रेशरच्या गोळ्या त्यांनी बंद केल्या होत्या. तूच मला सांगितलंस.”

“माझ्या देवाने उजवा कौल दिलाय. तुझं ऐकू की देवाचं?”

रत्नप्रभा बाजूला झाली आणि जयंती खाली गेली.

मृणालिनीबाईंना कानावर आल्यावर त्या घाबरल्या. म्हणाल्या, सोडून देऊ या, गंधालीला समजावते मी, शेजारपाजार तोडून कसली समाजसेवा. दत्तारामही एकदा जेवताना म्हणाला, “गुंडाळून ठेव थोडे दिवस.” रत्नप्रभाने विचार केला. थांबलं तर काय होईल, तर लोक म्हणतील, बघा, होतंच काहीतरी म्हणून बंद केलं. नाही थांबलं तर जयंती गेली. दोन्हीकडून तोटाच होता. मग तिने दोरी घरात घेतली, खिडकी लावून पंख्याखाली खोळी वाळवल्या आणि शिवण चालू ठेवली. आपल्याला याचं फार काही वाटत नाही असं तिचं तिलाच वाटत होतं. पण एका दुपारी एका बाहुलीचं तोंड काढून झाल्यावर तिने पाहिलं तर तिचे दोन्ही पाय उलटे लागले होते, टाचा पुढे. ती भुतासारखी बाहुली तिने चटकन उसवून टाकली, कुणी बघायच्या आत.

बळवंतला मोकळी हवा हवी, म्हणून जयंती त्याला दुपारी दोन दारांच्या मधल्या जागेत खुर्चीवर बसवायची. स्वतःही तिथेच भाजी निवडत बसायची, पाठ रत्नप्रभाच्या दाराकडे करून. एकदा तिला औषधं आणायला जावं लागलं. रत्नप्रभाचं दार उघडं होतं आणि ती फरशीवर बसून फायबर भरत होती. बळवंत बघत होता. बऱ्याच वेळाने त्याने डावा हात पुढे केला.

“भावजी, नको. जयंती ओरडेल.”

तो काहीतरी म्हणाला. तिला ते दुसऱ्यांदा कळलं. “ओरडूं दे.”

तिने एक खोळ आणि मूठभर फायबर त्याच्या मांडीवर ठेवला. डाव्या हाताने भरता येईना, कारण खोळ धरायला दुसरा हात लागतो. त्याने उजवा हात डाव्याने उचलला आणि खोळीवर ठेवला, एखादी वस्तू ठेवावी तसा. बोटं वळेनात. तो शिवी पुटपुटला. मग अंगठा जरासा दाबला गेला आणि कापड जागेवर राहिलं. एक पाय भरायला त्याला सगळी दुपार लागली. घाम आला, लाळ गळली, ती त्याने खांद्याला पुसली. रत्नप्रभाने मदत केली नाही. चेंडू फेकून देणारा माणूस आहे हा, मदत केली तर हेही फेकेल, हे तिला ठाऊक होतं.

जयंती जिना चढून आली तेव्हा त्याच्या हातात तो काळा पाय होता. ती पिशवी धरून उभी राहिली. ओरडली नाही. तिने त्याच्या बोटांतून बाहुली सोडवली, रत्नप्रभाच्या उंबऱ्याच्या आत टाकली, त्याला उठवून घरात नेलं आणि कडी लावली.

दुसऱ्या दुपारी खुर्ची बाहेर आली नाही. पण आतून काठी आपटल्याचा आवाज यायला लागला. थांबायचा आणि पुन्हा यायचा. जयंतीचा आवाज चढला, मग ती रडली असावी, मग पुन्हा काठी. असं सगळं आठवडाभर चाललं. मधेच नितेश येऊन गेला. तो आईशी काय बोलला ते कळलं नाही, पण जाताना रत्नप्रभाच्या पाया पडला आणि मान खाली घालूनच उतरला.

मग एका दुपारी दार उघडलं. जयंतीने खुर्ची आणली, बळवंतला बसवलं आणि भिंतीकडे बघत बोलली.

“तोंड आधी काढ. मग दे त्यांच्या हातात.”

“भरल्याशिवाय डोळे नीट जागेवर येत नाहीत.”

“मग वाकडे येऊ देत. बिनतोंडाचं माझ्या माणसाच्या हातात द्यायचं नाही.”

रत्नप्रभा आत गेली. खरं तर सपाट कापडावर भरतकाम सोपंच जात होतं, फक्त दोरा पक्क्या रंगाचा आणावा लागला. तिने शिवायच्या आधीच तोंडं काढायला सुरुवात केली. पांढऱ्यात काळे डोळे, तांबूस ओठ. भरल्यावर डोळे थोडे कानांकडे सरकायचे आणि बाहुल्या जरा चकित झाल्यासारख्या दिसायच्या. तशाच राहू दिल्या. दोरी पुन्हा गॅलरीत गेली. ग्रुपवर काही आलं नाही. तोंड असलेली वस्तू लोकांना चालत असावी.

बळवंत रोज भरायचा. दत्ताराम त्याच्याजवळ स्टुलावर बसून पेपर मोठ्याने वाचायचा आणि गिरणीतल्या मुकादमाच्या, त्या जॉबरच्या, नकला करायचा. बळवंतच्या बाहुल्या गाठाळ व्हायच्या, पोट एकीकडे आणि पाठ दुसरीकडे. हळूहळू उजव्या हाताची दोन बोटं चिमटीत यायला लागली. फिजिओथेरपिस्ट मुलगी म्हणाली, “काय झकास प्रगती आहे काका, चेंडू वापरताय ना?” बळवंतने मान हलवली. जयंती शेजारी बसून भाजी निवडायची. बाहुलीला तिने कधी हात लावला नाही. रत्नप्रभाशी बोलणं सुरू झालं, पण पाणी आलं का, गॅसवाला आला का, तेवढंच. सोलकढी येत नव्हती.

गंधाली सुट्टीवर आली आणि जाताना दोन मोठ्या बॅगा भरून बाहुल्या घेऊन गेली. ती तिसऱ्या मजल्यावरही आली होती. बळवंतशी हात मिळवला, तोही उजवा. त्याने तो उचलून दिला.

गणपतीनंतर बळवंतला दुसरा झटका आला. या वेळी रिक्षा बोलवायलाही वेळ मिळाला नाही.

सुतकाच्या दिवसांत जयंतीकडे गावची माणसं आली. बळवंतची थोरली बहीण सगुणा, कौलाच्या वेळी जी जयंतीबरोबर देवळात होती, तीही. बाराव्या दिवशी रत्नप्रभा सगळ्यांसाठी चहाची किटली घेऊन समोर गेली. बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. सगुणाने तिच्याकडे पाहिलं आणि कुणाचं नाव न घेता, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “देवान तेव्हाच सांगितल्यान होता. करणी उतरवक् होई होती. समोरच ठेवलास ता, मगे काय होतला?”

कप वाटता वाटता रत्नप्रभाचा हात थांबला. आता उठावं, किटली ठेवून निघून जावं, एवढंच तिला सुचलं. बायकांपैकी कुणीही मान वर केली नाही.

जयंती कोपऱ्यात होती. इतके दिवस ती फारशी बोललीच नव्हती.

“वन्संनू, गप ऱ्हवा,” ती म्हणाली. “तुम्ही इलात ते आता. झटक्यानंतर हे माणूस दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून ऱ्हवायचं. जेवण थुंकायचं. त्या बाहुल्या हातात आल्या तेव्हा बसायला लागले. मला शिव्या घालायला लागले पूर्वीसारख्या. शेवटचे सहा महिने मला नवरा मिळाला तो तिच्यामुळे.”

“पण कौल—”

“कौल मी घेतला होता. माझं मी बघेन.” मग ती रत्नप्रभाला म्हणाली, “दे गं चहा. निवतोय.”

रत्नप्रभाने चहा दिला. घरी येऊन ती किटली धुवायला उभी राहिली, नळ सोडला आणि बराच वेळ तशीच उभी होती. दत्ताराम आत डोकावला. तिचा चेहरा बघून काही न विचारता परत गेला.

यानंतर दोघी पूर्वीसारख्या झाल्या असं काही नाही. जे बोललं गेलं होतं ते बोललं गेलंच होतं. जयंती निम्मे दिवस नितेशकडे कल्याणला असायची. इथे असली की संध्याकाळी गॅलरीत येऊन बसायची, पण पाच-दहा मिनिटं, कुणाच्या तरी घरी पाहुणी आल्यासारखी. रत्नप्रभाचं मशीन चालू असायचं. मंडळातल्या आणखी दोघी आता काळं कापड घरी न्यायला लागल्या होत्या. बाकीच्या अजूनही गुलाबी शिवत. त्याही गंधाली घ्यायची, नर्सही लागतेच म्हणायची.

अशाच एका संध्याकाळी जयंतीने विचारलं, “ती पोरं बरी होऊन घरी जातात तेव्हा बाहुली नेतात, की तिथेच ठेवतात?”

रत्नप्रभाला माहीत नव्हतं. तिने फोन उचलून गंधालीला विचारलं. थोड्या वेळाने उत्तर आलं, की नेतात, सोडतच नाहीत, हातातून काढून घ्यायची सोयच नसते.

तिने ते जयंतीला सांगितलं.

“मग बरं,” जयंती म्हणाली. “एकाच्या दुखण्यातली वस्तू दुसऱ्याच्या उशाशी ठेवू नये.”

रत्नप्रभाला हे तिचं बोलणं पटलं नाही, पण चुकीचं आहे असंही ती म्हणाली नाही. जयंती उठली, कुकर लावायचा आहे म्हणाली आणि समोर गेली.